सहाशेचा आकडा

इशापूरच्या कारखान्यात बनलेल्या जुन्या एसएलआर रायफलीच्या बॅकसाइटवर दोनशे मीटरपासून सहाशे मीटरपर्यंत टप्पे कोरलेले असतात. खटका दाबून पट्टी उतारावर सरकवायची, ती खाचेत बसली की अंतर लागलं. दोनशेबद्दल कुणाचं काही म्हणणं नसतं. तीनशेवर बरे नेमबाज आणि यथातथा नेमबाज वेगळे पडू लागतात. चारशे-पाचशेवर उस्तादाचा आवाज जरा सावध होतो. आणि सहाशे? तो आकडा पोलादात कोरलेला आहे, सरकारी आहे, म्हणून त्याच्याकडे कुणी संशयानं बघत नाही. मला मात्र या रायफलमध्ये सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट तीच वाटते. सहाशे मीटरवर ही रायफल माणसाला लागते का, असा साधा प्रश्न विचारला तर त्याचं उत्तर ‘हो’ही नाही आणि ‘नाही’ही नाही. ते बरंच लांबचं आहे.

बंदुकीवर कोरलेले आकडे काळाबरोबर लहान होत गेले, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही. शस्त्र सुधारलं की पल्ला वाढायला हवा, असं आपलं गणित. प्रत्यक्षात पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या ली-एनफिल्डला नेहमीच्या बॅकसाइटवर २००० यार्डांपर्यंतचे आकडे होते, आणि शिवाय डाव्या बाजूला एक वेगळी तबकडी होती, तिच्यावर २८०० यार्ड. म्हणजे अडीच किलोमीटरहून जास्त! एवढ्या अंतरावरचा माणूस डोळ्याला दिसतसुद्धा नाही. पण ती तबकडी एका माणसासाठी नव्हतीच. सगळ्या तुकडीनं एकदम बार काढायचे आणि दूरवर जमलेल्या सैन्यावर, घोड्यांच्या तळावर गोळ्यांचा सडा घालायचा, ही त्यामागची कल्पना. ते काम मशीनगननं घेतलं आणि महायुद्ध चालू असतानाच ती तबकडी बनवणं बंद झालं. पुढे १९६२च्या चीन युद्धानंतर इशापूरनं त्याच जुन्या ली-एनफिल्डला ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी नवा जन्म दिला. पहिल्या नमुन्याला, टू-एला, बॅकसाइट जुन्या थाटाची २०००ची होती. मग टू-ए-वन आली, तिच्यावर आकडा उतरून ८०० झाला. रायफल तीच, काडतूस तेच. बदलला तो कागदावरचा अंदाज. एसएलआरवर तो आणखी खाली येऊन ६००वर थांबला. हे आकडे यंत्राच्या ताकदीचे नव्हेतच. माणसाकडून किती अपेक्षा ठेवायची, याचा तो एका सैन्याचा हिशेब आहे.

एसएलआरचं मूळ बेल्जियममधलं. लिएजजवळच्या हेर्स्टल गावातल्या एफएन कारखान्यात द्यूदोने सेव्ह या अभियंत्यानं ती घडवली. आधी छोट्या काडतुसासाठी, मग १९५४मध्ये नाटोनं ७.६२ बाय ५१ हे दणदणीत काडतूस पक्कं केलं म्हणून त्यासाठी. ब्रिटिशांनी तिच्यातली सलग फैरीची सोय काढून टाकली, चाप एकदा ओढला की एकच गोळी. आपण तीच वाट धरली. पुण्याच्या एआरडीई या संस्थेनं ब्रिटिश, बेल्जियन आणि ऑस्ट्रेलियन नमुने उलगडून पाहिले आणि त्यावरून भारतीय वन-ए-वन तयार केली. काडतुसांशीही महाराष्ट्राचं नातं आहे, कारण लहान शस्त्रांचा दारूगोळा बनवणारे खडकी आणि वरणगावचे कारखाने इथलेच. त्यामुळे जवानांच्या तीन पिढ्यांनी खांद्याला सोसलेला तो धक्का काही अंशी मराठी मातीतूनच निघालेला आहे, असं म्हटलं तरी चालेल. वापराचा तपशील इथे नको. १९७१च्या युद्धात ती पायदळाचं मुख्य हत्यार होती, नव्वदच्या दशकात इन्सास रायफल आल्यावर ती मागे सरली, आणि पोलिसांच्या खांद्यावर अजूनही दिसते.

आता सहाशेकडे येऊ. सुरुवात सगळ्यात क्षुल्लक गोष्टीपासून करावी लागते, कारण लांबच्या पल्ल्यावर क्षुल्लक असं काही उरत नाही. एसएलआरच्या मागच्या छिद्रापासून पुढच्या माशीपर्यंतचं अंतर सुमारे ५५ सेंटीमीटर. समजा, नेम धरताना माशीचं टोक छिद्राच्या मधोमध न राहता एका बाजूला मिलिमीटरभर सरकलं. तीनशे मीटरवर गोळी अर्ध्या मीटरहून थोडी जास्त बाजूला जाईल. सहाशेवर मीटरभराहून जास्त. मिलिमीटर म्हणजे नखाची जाडी म्हणा. दुसरी अडचण त्या माशीचीच. ती फक्त मिलिमीटरभर रुंद आहे असं धरलं तरी नेमबाजाच्या डोळ्याला ती सहाशे मीटरवर जवळजवळ मीटरभर रुंदीची जागा झाकते. माणसाच्या खांद्यांची रुंदी अर्धा मीटर. म्हणजे ज्याच्यावर नेम धरायचा तोच माशीआड जातो. तेव्हा सहाशेवर ‘माणसावर नेम’ ही बोलण्याची पद्धत झाली. प्रत्यक्षात जवान माशीचं टोक एका अंदाजाच्या ठिपक्याखाली टेकवतो आणि बाकीचं विश्वासावर सोडतो.

डोळ्याचं झालं, आता हवेचं. तोफगोळा पॅराबोला काढत जातो, हे गॅलिलिओचं गणित शंभर वर्षं लोक प्रमाण मानत होते. बेंजामिन रॉबिन्स नावाच्या इंग्रजानं १७४२मध्ये एक पुस्तक लिहून त्याला धक्का दिला. त्यानं लाकडी ठोकळा टांगून लंबक केला, त्यावर गोळी झाडली आणि लंबक किती झुलला यावरून गोळीचा वेग काढला. वेगवेगळ्या अंतरांवर वेग मोजल्यावर कळलं, की हवेचा अडथळा विद्वानांनी धरला होता त्याच्या कितीतरी पट आहे. पुस्तक एवढं मोलाचं ठरलं की खुद्द ऑयलरनं त्याचं जर्मन भाषांतर केलं. हा रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा अभियंता होऊन हिंदुस्थानात आला आणि १७५१मध्ये कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला. बंदुकीच्या गोळीचा वेग पहिल्यांदा खरा मोजणारा माणूस कोरोमंडलच्या किनाऱ्यावर संपला, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

एसएलआरची गोळी नळीतून सेकंदाला ८४० मीटरच्या आसपास वेगानं निघते. हवेशी झुंजत सहाशे मीटरवर पोचेपर्यंत तिचा वेग जवळजवळ निम्मा झालेला असतो आणि प्रवासाला साधारण एक सेकंद लागलेला असतो. त्या एका सेकंदात ती खाली पडत असते. तीनशेवर नेम बसवलेली रायफल पट्टी न हलवता सहाशेवर झाडली तर गोळी माणसाच्या उंचीहून जास्त, सुमारे दोन मीटर खाली जाते. ही पडझड मात्र भरवशाची असते. ती दर वेळी तेवढीच, म्हणून तर पट्टीवर कोरता आली. निदान मैदानात तरी. लडाखात साडेचार हजार मीटर उंचीवर हवा इतकी विरळ असते की तीच गोळी त्याच पट्टीवर सहाशे मीटरला साधारण हातभर वर लागू शकते. थंडीनं दारू थोडी मंद जळते आणि त्यातलं काही परत घेते. पोलादात कोरलेला आकडा इतका हवेवर अवलंबून असतो, हे तिथं गेल्याशिवाय पटत नाही.

वारा ही त्याहून वेगळी जात. तो दर वेळी तेवढाच नसतो, आणि वाटेत सगळीकडे सारखाही नसतो. ताशी सोळा किलोमीटरचा, म्हणजे झाडाची पानं आणि बारीक डहाळ्या हलवील एवढाच वारा आडवा लागला, तर तीनशे मीटरवर गोळी वीतभर सरकते. अंतर दुप्पट झालं तर सरकणं दुप्पट व्हावं, असं वाटतं. तसं होत नाही. सहाशेवर ती मीटरभराहून जास्त सरकते. वेग मंदावत जातो तशी गोळी वाऱ्याच्या हाती जास्त लागते. अमेरिकनांच्या एम-वन गॅरंड रायफलवर, जी १९३६मध्ये त्यांच्या सैन्यानं घेतली, यासाठी मागे एक फिरकी होती. एक टिचकी म्हणजे कोनाची जवळजवळ एक कला, शंभर यार्डांवर साधारण एक इंच. वारा बघायचा, टिचक्या मोजायच्या आणि नेम सरळ मध्यावर धरायचा. एरी सरोवराच्या काठावर कॅम्प पेरीला त्यांच्या राष्ट्रीय स्पर्धा १९०७पासून भरतात, तिथं पिढ्यान्‌पिढ्या लोक हीच विद्या घोटत आले. ज्या देशात नागरिकांच्या स्पर्धेतली सवय सैन्याच्या शस्त्रात उतरते, तिथं अशी फिरकी बसते. एसएलआरला ती नाही. बाजूची दुरुस्ती करायला बॅकसाइटच्या दोन्ही अंगांना एकेक स्क्रू आहे. एक सैल करायचा, दुसरा आवळायचा. ते काम झिरोइंगच्या वेळी, म्हणजे नेम आणि गोळी जुळवून घेताना, एकदाच करायचं असतं. गोळीबार चालू असताना वाऱ्यासाठी त्यांना कुणी हात लावत नाही. मग जवानाला काय करावं लागतं? नेम रिकाम्या जागेवर धरावा लागतो, माणसाच्या दोन-अडीच खांदे बाजूला, वारा येतो त्या दिशेला.

द्रोणाचार्यांच्या परीक्षेची गोष्ट इथं हमखास आठवते. अर्जुनाला पक्ष्याचा डोळाच तेवढा दिसला, म्हणून तो पास. पण तो पक्षी कारागिरांकडून करवून घेऊन झाडावर बसवलेला होता, आणि झाड हाकेच्या अंतरावर असावं. सहाशे मीटरवर फक्त डोळाच दिसणाऱ्या शिष्याला मी नापास करीन. त्याला वाटेतलं गवत दिसलं पाहिजे, दोनशे मीटरवरची धूळ कुठे सरकते ते दिसलं पाहिजे, मे महिन्यात दख्खनच्या उघड्या माळावर तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवेची थरथर कुठल्या बाजूला वाहतेय ते दिसलं पाहिजे. ती थरथर लक्ष्य जागचं हलल्यासारखं दाखवते, पण वाऱ्याची दिशाही तीच सांगते. एकाग्रता हा गुण खराच, पण जवळच्या पल्ल्याचा.

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण चांदमारीवर जेवढी खपते तेवढी क्वचितच कुठे खपत असेल. गोळी बाहेर गेली की रायफलचा दोष. उस्ताद लोक त्यावर एकच उत्तर देतात, रायफल स्वतः हातात घेतात आणि पाच गोळ्या मध्यात घालून परत देतात. पण एसएलआरच्या बाबतीत अंगण कधीकधी खरंच वाकडं असतं, आणि ते कसं हे हाताला कळतं. ही रायफल दोन अंगांची आहे. वरच्या अंगात नळी, गॅसचा भाग आणि पुढची माशी. खालच्या अंगात दस्ता, चाप आणि बॅकसाइट. साफसफाईला ती मधल्या खिळीवर, दुनळी बंदुकीसारखी, मोडून उघडते. म्हणजे नेमाच्या रेषेचं एक टोक एका अंगावर आणि दुसरं दुसऱ्या अंगावर. नव्या रायफलीत ही दोन्ही अंगं घट्ट बसतात. पण वर्षानुवर्षं रोज उघडझाप झाली, खिळी झिजली, कडीची पकड सैल पडली, की डाव्या हातात पुढचा भाग धरून उजव्यानं दस्ता हलका हलवला तर एक बारीकशी खुटखुट जाणवते. ती खुटखुट म्हणजे मागचं छिद्र माशीच्या तुलनेत हलतंय. ५५ सेंटीमीटरचा हिशेब आठवला की तिची किंमत कळते. बेल्जियन कारागिरांना हे कळत नव्हतं असं नाही. पण लढाईत दोन मिनिटांत उघडता यावी, चिखलात चालावी, थंडीत अडकू नये, अशी रायफल हवी होती. कारखान्यानं जे मागितलं गेलं ते दिलं. हातानं नळीवर जोर दिला, पुढचा भाग कधी वाळूच्या पिशवीवर तर कधी दगडावर टेकला, की गोळीची जागा बदलते, हेही त्याच तडजोडीतलं.

तरीसुद्धा मूळ प्रश्न राहतोच. दोष किती कुणाचा? इथं एक गणित आहे, साधं पण मनाला पटायला कठीण. चुका सरळ बेरजेनं वाढत नाहीत, त्यांच्या वर्गांची बेरीज होते आणि मग वर्गमूळ काढायचं, काटकोन त्रिकोणाच्या कर्णासारखं. समजा, सहाशे मीटरवर नेमबाजाच्या हाता-डोळ्याचा आणि वाऱ्याच्या अंदाजाचा मिळून फैलाव ६० सेंटीमीटर आहे आणि रायफल-काडतुसाचा ३०. एकूण होतो ६७. आता सरकारनं खूप पैसे खर्चून दुप्पट अचूक रायफल आणली, तिचा फैलाव १५. एकूण झाला ६२. पाच सेंटीमीटरचा फायदा! उलट तीच जुनी रायफल ठेवून नेमबाजाचा फैलाव निम्मा केला, तर एकूण ४२वर येतो. मोठी चूक तशीच ठेवून लहान चूक घासत बसण्याला शस्त्रखरेदीच्या भाषेत आधुनिकीकरण म्हणतात, असं मला कधीकधी वाटतं.

रायफलच्या वाट्याची चूकही नुसती रायफलची नसते. मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रँकलिन मॅन नावाच्या डॉक्टरानं कित्येक वर्षं या एकाच ध्यासात घालवली. माणूस गणितातून पूर्ण काढून टाकावा म्हणून त्यानं काँक्रीटचा खांब उभारला, त्यावर नळी जखडली आणि तरीही गोळ्या एकाच भोकात जात नाहीत हे पाहिलं. १९०९मध्ये त्याचं पुस्तक आलं. मोठा दोष गोळीतच सापडला. तिचं वजन अक्षाभोवती नेमकं समान नसणं, नळीतून निघताना तिचा पाठचा भाग किंचित विद्रूप होणं. सैन्याच्या साध्या काडतुसात हे दोष असणारच, ती लाखांनी बनतात. गोळीच्या वेगात दहा मीटरचा फरक पडला तर सहाशे मीटरवर वरखाली आठ-दहा सेंटीमीटर फरक पडतो. वाऱ्यापुढे हे काहीच नाही. गमतीची गोष्ट अशी की लोक काडतुसांच्या लॉटवर तासन्‌तास बोलतात आणि वाऱ्यावर एक वाक्य बोलत नाहीत. काडतूस हातात धरता येतं ना.

मग या रायफलीचा फैलाव खरा किती? चांगल्या अवस्थेतली एसएलआर साध्या गोळीनं शंभर मीटरवर दहा सेंटीमीटरच्या आसपास ग्रुप देते, असं धरायला हरकत नाही. सहापट केलं तर सहाशेवर साठ सेंटीमीटर. माणसाच्या खांद्यांहून रुंद. म्हणजे काँक्रीटच्या खांबाला जखडून, वारा थांबवून झाडली तरी काही गोळ्या माणसाच्या बाजूनं जातील. पण ‘ग्रुप’ हा शब्द जपून वापरावा. पाच गोळ्यांचा ग्रुप लहान आला तर त्यात रायफलचं कर्तृत्व किती आणि नशीब किती, हे सांगता येत नाही. त्याच रायफलनं तेवढ्याच काळजीनं वीस गोळ्या झाडल्या तर ग्रुप मोठा होतोच, कारण सगळ्यात दूरच्या दोन भोकांमधलं अंतर आपण मोजतो आणि गोळ्या वाढल्या की दूर जाणाऱ्या गोळीला संधी वाढते. तरी घडी घालून पाकिटात जपून ठेवलेलं टार्गेट नेहमी पाच गोळ्यांचंच असतं, आणि ते आयुष्यातलं सगळ्यात चांगलं असतं.

सहाशे मीटर म्हणजे काय, हे फायरिंग पॉइंटवरून कळत नाही, बटाच्या, म्हणजे टार्गेटखालच्या, खंदकातून कळतं. टार्गेट वर चढवून खाली बसलं की आधी डोक्यावरून एक कोरडा, फाटल्यासारखा कडाका जातो. ती गोळी, आवाजापेक्षा वेगानं आलेली. मग एक पोकळ क्षण. आणि त्यानंतर दुरून नळीचा बोजड ‘धप्’ येतो. तीनशे मीटरवर या दोन आवाजांमध्ये जेमतेम अर्धा सेकंद असतो. सहाशेवर पाऊण सेकंद. जुने लोक या फटीवरून शत्रू किती लांब आहे ते सांगतात. कागदावरच्या अंतरापेक्षा ही फट जास्त समजावून सांगते, कारण त्या पाऊण सेकंदात माणूस सहज एक-दीड पाऊल चालून जातो. खंदकातलं टार्गेट चालत नाही, एवढाच फरक.

त्या चालत्या माणसाचा विचार केला की युद्धाचा अनुभव समोर येतो. अमेरिकन सैन्यासाठी नॉर्मन हिचमन यांनी १९५२मध्ये केलेल्या अभ्यासात निष्कर्ष आला, की रायफलचा वापर बहुतेक तीनशे यार्डांच्या आतच होतो आणि परिणामकारक मारा त्याहूनही जवळून. फॉकलंडमध्ये १९८२ला दोन्ही बाजूंकडे एकाच कुळातल्या रायफली होत्या, ब्रिटिशांकडे एकेक गोळीच्या आणि अर्जेंटिनाकडे सलग फैरीच्याही. आणि टेकड्यांवरच्या लढाया बऱ्याचशा रात्री, हातघाईच्या अंतरावर झाल्या. श्रीलंकेत १९८७नंतर आपल्या जवानांना झाडीत एके-४७ समोर लांबलचक एसएलआर अडचणीची झाली. सहाशे मीटरची तयारी करून गेलेलं शस्त्र साठ मीटरवर अपुरं पडलं, याचं दुःख तिथून परतलेल्यांच्या बोलण्यात असतं. पण म्हणून सहाशेचा आकडा खोटा ठरत नाही. दरीच्या पलीकडच्या उतारावर, उघड्या वाळवंटात, बर्फाच्या पठारावर समोरच्याला डोकं खाली ठेवायला लावायचं असेल तर गोळी त्याच्या कानाजवळून गेली तरी काम होतं. लागणं हा एक परिणाम आहे, घाबरवणं हा दुसरा. आकडा कोरणाऱ्यानं बहुधा दोन्ही धरले असावेत.

ब्रिटिशांनी सत्तरच्या दशकात या रायफलीवर चारपट मोठं दाखवणारी ‘सुट’ नावाची दुर्बीण बसवून पाहिली. माशीआड माणूस हरवण्याची अडचण तिनं सोडवली. पण ती बसवली होती वरच्या झाकणावर, जे साफसफाईला काढावं लागतं, म्हणजे खुटखुट पुन्हा आलीच, फक्त जागा बदलून. आपल्याकडे सामान्य नागरिकाला ही रायफल बाळगता येत नाही, त्यामुळे असे प्रयोग घरोघर होणं शक्य नाही. ज्याच्या हाती ती सरकारनं दिली आहे त्यानं सहाशेवर चांगलं मारायचं ठरवलं, तर त्याच्या हातात असलेल्या गोष्टी मोजक्या आहेत. एकाच लॉटची काडतुसं, घट्ट खिळी, दर वेळी हात त्याच जागी आणि रायफल त्याच जागी टेकलेली, जड चापावर घाई नाही. हे सगळं करून मिळतं ते गणितातल्या लहान बाजूत. मोठी बाजू वाऱ्याची, आणि ती शिकवायला बटावर लाल झेंडा, सुक्या मातीचा एखादा गोळा हवेत चुरून टाकणं आणि चुकलेली प्रत्येक गोळी कुठे पडली हे वहीत लिहिणं, याशिवाय त्याच्याजवळ सहसा दुसरं साधन नसतं. वहीत सहाशेचं पान बहुतेकांच्या बाबतीत कोरंच असतं, कारण दारूगोळा मोजून मिळतो आणि तो दोनशे-तीनशेवरच संपतो.